बिनमिठाचा कोबी आणि दोन डाव्या बाह्या

…नाही, कोबीशी माझं वैर नाही. हे आधी ऐकून घ्या, नाहीतर बाहेर जाऊन म्हणाल, मास्तर कोबीला शिव्या घालत होता. कोबी बिचारा आपला मळ्यात बसलेला असतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला आणायचा, पाण्यात टाकायचा, मीठ नाही, मिरी नाही, तेलाचा थेंब नाही, उकडून उकडून त्याचा पार ओला रुमाल करायचा, तो डब्यात भरायचा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात द्यायचा आणि वर म्हणायचं, "बाबा, नीट चावून खाल्लात ना, की गोड लागतो"… अहो, गोड? चावून चावून माझी कवळी गरम झाली, पण गोडाचा पत्ता नाही! मी सूनबाईला विचारलं, तू खाल्लायस का गं कधी? तर म्हणते, "आम्हाला कशाला? हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

तुमच्याच भल्यासाठी! तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला गिऱ्हाइकांनी छळलं, घरमालकानं छळलं, पावसाळ्यात ओल्या भिंतींनी छळलं, पण या दोन शब्दांनी जेवढं छळलं तेवढं कोणी नाही. कारण बाकीच्यांशी भांडता येतं. आपल्या भल्यासाठी झटणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी कोट शिवतो. नाक्यावर माझं दुकान आहे. रस्त्याकडे एक काच, आत लांब टेबल, खिडकीशी पायमशीन, भिंतीला आरसा, आणि टेबलाच्या टोकाला इस्त्री. ही इस्त्री लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. हल्लीची नव्हे, हातात घेतली तरी कळत नाही तसली. चांगली लोखंडी, जाडजूड, माझ्या उस्तादांनी जाताना मला दिलेली. लोकरी कोटाची शिवण तिच्याशिवाय बसतच नाही. आयुष्यभर ती मी एका हातानं उचलत आलोय आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाशी बोलत… म्हणजे बोलायचो तोंडानंच, हात आपला हलायचा, तुम्ही शब्दात पकडू नका हो.

तर झालं काय, डोकं जरा जड वाटत होतं म्हणून गेलो डॉक्टरबाईंकडे. एकटा गेलो असतो तर पुढचं रामायण झालंच नसतं, पण मुलगा बरोबर आला. बाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस केलं, म्हणाल्या, रक्तदाब थोडा वर आहे, घाबरण्यासारखं काही नाही, मीठ जरा बेतानं खा आणि रोज थोडं चाला. संपलं! आता मला सांगा, 'जरा बेतानं' म्हणजे काय? मी गिऱ्हाइकाला म्हणतो, कोट कमरेत जरा आत घेतो. म्हणजे मी जरा आत घेतो, गिऱ्हाइकाचे दोन तुकडे नाही करत! पण माझा मुलगा घरी आला, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेला, मिठाची बरणी उचलली आणि कपाटात सगळ्यात वर, माझा हात पोचत नाही तिथं ठेवली. मी म्हटलं, अरे, बाई 'जरा' म्हणाल्या. तर म्हणतो, "जराची सुरुवात पूर्ण बंदनं केली की सवय लागते, बाबा. तुमच्याच भल्यासाठी."

बरं, मीठ गेलं तर गेलं. पण मुलानं हे लेकीला कळवलं. माझी लेक लांब असते, दुसऱ्या गावी, आणि लांब असलेल्या लेकीची काळजी जवळच्यापेक्षा मोठी असते, कारण तिला करण्यासारखं दुसरं काही नसतं. तिचा लगेच फोन. "बाबा, दादानं मीठ बंद केलं ते ठीक आहे, पण खरं विष साखर आहे. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं काय झालं माहितीये?" मैत्रिणीच्या वडिलांचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं जे झालं ते झालं, माझ्या चहातली साखर गेली. मग मुलाला वाटलं, बहिणीनं साखर काढली, आपण एकट्या मिठावर थांबलो, हे काही बरं दिसत नाही… त्यानं लोणी काढलं. लोण्याबरोबर चीज गेलं, चीजबरोबर दुधावरची साय गेली, सायीबरोबर दूध गेलं, कारण दुधाला कोणी तरी मोबाइलवर नावं ठेवली होती. मग सूनबाई. ती का मागं राहील? तिनं पाव काढला. पाव म्हणजे मैदा, मैदा म्हणजे पोटाला गोंद. बटाटा काढला. भात काढला. मग तिनं कुठंसं ऐकलं की म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळनंतर जेवूच नये, तर अख्खं रात्रीचं जेवणच काढलं! म्हणाली, पोटाला विश्रांती. अहो, पोटाला विश्रांती मिळाली, पण पोटाचा मालक रात्रभर छत बघत पडायचा त्याचं काय?

अंड्याचं तर ऐकाच. अंडं मला फार आवडतं. साधं उकडलेलं, वर मीठ-मिरी, बाजूला लोणी लावलेला पाव… असो. लेक म्हणाली, पिवळं नको, पिवळ्यात चरबी. मुलगा म्हणाला, तळलेलं नको, उकडलेलं. मीठ तर वर कपाटात. म्हणजे राहिलं काय? उकडलेलं पांढरं, बिनमिठाचं. खाल्लंयत कधी? शाळेत असताना खोडरबर चावलं असेल ना, तेच. शेवटी एके दिवशी मीच म्हटलं, राहू द्या अंडं. तर तिघांनाही इतका आनंद झाला, म्हणाले, बघा, बाबांना स्वतःलाच समजायला लागलं.

आता यातली गंमत मी तुम्हाला माझ्या धंद्यातली सांगतो. समजा एक शर्ट आहे. घरातल्या एकाला वाटलं, खांद्यात सैल आहे, त्यानं थोडा आत घेतला. दुसऱ्याला वाटलं, छातीत सैल आहे, त्यानं थोडा घेतला. तिसरीनं बाह्या आखूड केल्या. तिघांनीही थोडंथोडंच केलं, तिघांचंही काम नीटनेटकं, तिघांचाही हेतू चांगला… आणि शर्ट कोणाला बसतो? शेजारच्यांच्या बाहुलीला! माझ्या ताटाचं तेच झालं. प्रत्येकानं एकेकच पदार्थ काढला. पण एकत्र बसून उरलं काय, ते कोणी बघितलंच नाही. उरला कोबी.

हा कोबी डब्यातून माझ्याबरोबर दुकानात यायचा. दुपारी एक वाजता मी दाराला कडी लावायचो आणि डबा उघडायचो. पूर्वी कडी लावत नव्हतो. ही होती तेव्हा… आमची ही, दुपारी दुकानात यायची, गरम भांडं फडक्यात गुंडाळून. टेबलावरचं कापड बाजूला सारायचं, आणि दोघांनी तिथंच जेवायचं. ती म्हणायची, सूप सांडलं तर कोटाचं काय? मी म्हणायचो, कोट धुता येतो. मग ती गेली. त्यानंतर मी एकटाच, आणि समोर इस्त्री. बाकी काही बोलत नाही इस्त्री, पण उठूनही जात नाही. एकटा माणूस कोबीपुढं बसला की काय होतं? दोन घास खातो आणि डब्याचं झाकण लावतो. घरी जाताना उरलेला कोबी मी कुठं टाकायचो ते विचारू नका, कोपऱ्यावरची मांजरंसुद्धा नंतर नंतर माझ्याकडे पाठ फिरवून बसायला लागली.

आणि लोक काय म्हणायचे? "मास्तर, वा! काय तब्येत कमावलीत!" कमावली? गमावली म्हणा! पण आपल्याकडे माणूस बारीक झाला की लोक आधी कौतुक करतात आणि मग भेटायला येतात. माझी पँट कमरेवरून घसरायला लागली. आता कोणाही शहाण्या माणसाला काय वाटेल? की आपण वाळलो. मला काय वाटलं? मला वाटलं, कापड सैलावलं! हसताय काय? कोट शिवणाऱ्याला आधी कापडच दिसतं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कमरेभोवती फीत टाकली, स्वतःच्या कमरेभोवती कधी टाकली नाही, कारण माझं माप मला पाठ होतं. त्या कापडवाल्याला मी जाऊन झापलंसुद्धा, म्हटलं, तुझं कापड ताणतं. तो बिचारा शपथा घेत राहिला.

मग मी पँटा आत घेतल्या. एकदा घेतल्या, परत घेतल्या. आणि इथं मी एक गोष्ट केली जी माझ्या धंद्यात कोणी करत नाही. आपण कपडा शिवतो ना, तेव्हा शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड सोडून ठेवतो. दिसत नाही बाहेरून, पण असतं. का? कारण माणसाची कंबर माणसाला विचारून वाढत नाही. उद्या उसवून सैल करता आलं पाहिजे. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं, आतलं कापड कधी कापायचं नाही. आणि मी कापलं! कारण सूनबाई शेजारी उभी होती, म्हणाली, "कशाला ठेवताय बाबा ते? आता काही तुम्ही पुन्हा तेवढे होणार नाही." तिला केवढा अभिमान वाटत होता हो! मग मीही जोशात कात्री चालवली. सगळ्या पँटा. एकाही पँटेत बोटभर कापड ठेवलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग हात गेला. म्हणजे आहे, हा बघा, पण चालेना. सुईत दोरा घालायला अर्धी सकाळ जायची. मला वाटलं, चष्मा. समोरच चष्मेवाला आहे, माझा जुना दोस्त, त्याच्याकडे गेलो. त्यानं डोळे तपासले, म्हणाला, मास्तर, डोळा ठीक आहे, तू हलतोयस. मी म्हटलं, मी नाही हलत, तुझी खुर्ची हलतेय. मग इस्त्री. एक दिवस उचलायला गेलो तर उचलेना. मला वाटलं, टेबलाला चिकटली. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा उठली, आणि मला धाप लागली. मी कोणाला सांगितलं नाही. दुकानाच्या पायऱ्या तीनच आहेत, त्यातल्या दुसरीवर मी थांबायला लागलो, आणि लोकांना काही वाटू नये म्हणून तिथं उभा राहून रस्त्याकडे बघायचो, जसं काही मी कोणाची वाट बघतोय.

आणि मग तो कोट. आमच्या भागातल्या शाळेच्या मोठ्या बाईंचा. निवृत्त व्हायच्या होत्या, निरोप समारंभाला नवा कोट हवा होता, राखाडी लोकर, सुंदर कापड. मी मन लावून शिवला. बाई ट्रायलला आल्या, कोट घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या… आणि एक हात पुढं, एक हात मागं. आता कोटाची बाही सरळ नसते, ती कोपरातून पुढं वळते, डावी डाव्या हातासाठी, उजवी उजव्या. आणि मी शिवल्या होत्या दोन्ही डाव्या! बाई आरशात बघतात, मी बाईंकडे बघतोय. बाई म्हणाल्या, मास्तर, हा हात मागं का जातोय? मी काय सांगणार? मी म्हटलं, मागच्या बाकावरच्या मुलांसाठी. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, होतं असं, वय झालं की. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खांद्यावरचा हात मला इस्त्रीपेक्षा जड वाटला.

त्यांनी मुलाला सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं. मुलगा त्या संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसला, आणि मी लगेच ओळखलं की काही तरी काढून घ्यायला आलाय, कारण आवाज फार मऊ होता. पण ताटात काही उरलंच नव्हतं, तर काढणार काय? त्यानं दुकानच काढून घ्यायचं ठरवलं. म्हणाला, बाबा, आता पुरे, खूप केलंत, हात थरथरतो, धाप लागते, माणसानं वेळेवर थांबावं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण आहे, त्याला जागा हवीय, भाडं चांगलं देतोय. "हा कोट द्या आणि बंद करू. आराम करा. तुमच्याच भल्यासाठी."

तुम्हाला खरं सांगतो, मीठ नेलं तेव्हा मी चिडलो, पाव नेला तेव्हा मी कुरकुरलो. पण दुकान म्हटल्यावर मला भीती वाटली. त्या टेबलाशी मी हिच्याबरोबर जेवलोय. ते टेबल गेलं तर मी सकाळी उठून बूट कुणासाठी घालायचे?

कव्हरवाला जागा बघायला आला. रविवार होता, मुलगा होता, सूनबाई होती, लेक फोनच्या पडद्यावर होती, दोऱ्याच्या रिळांना टेकवून ठेवलेली. कव्हरवाला चांगला माणूस होता, नम्र, बरोबर नमुन्यांचा डबा घेऊन आला होता, तो टेबलावर ठेवला. आणि म्हणतो काय? भिंत मोजायची आहे, मास्तर, तुमची फीत देता का? माझी फीत! माझं दुकान मोजायला! मी म्हटलं, ही फीत माणसं मोजायला आहे. तो ओशाळला. मुलगा म्हणाला, बाबा, असं काय करताय? आणि मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हात चालत नाही म्हणता ना? बघा! आणि सगळ्यांच्या देखत इस्त्रीला हात घातला, एकच हात, पूर्वीसारखा, आणि उचलली! उचलली हो! कमरेपर्यंत आली… छातीपर्यंत आली… आणि माझे गुडघे, ज्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, ते आपले निघून गेले. मी खाली, चिंध्यांच्या पोत्यावर. इस्त्री टेबलावर, नमुन्यांच्या डब्यावर. डब्यावर लिहिलं होतं, न फुटणारी कव्हरं. फुटली.

फोन आडवा पडलेला, पडद्यातून लेक ओरडतेय, मला छत दिसतंय, बाबा दाखवा! मुलाचा चेहरा पांढरा. मला उचलून थेट डॉक्टरबाईंकडे. मी वाटेत म्हणत होतो, मला काही झालं नाही, पण ते मी मुलाच्या खांद्यावर मान टाकून म्हणत होतो, त्यामुळं कोणाला पटेना.

बाईंनी मला काट्यावर उभं केलं. काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत काट्याकडे बघितलं. मुलगा म्हणाला, बाई, तुम्हीच सांगा यांना, वय झालंय, आता दुकान बंद करायला हवं ना? बाईंनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मला विचारलं, खाता काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात तिघांनी उघडलं. मुलगा अभिमानानं म्हणाला, मीठ पूर्ण बंद. लेक फोनमधून म्हणाली, साखर मी बंद केली. सूनबाई म्हणाली, पाव, भात, बटाटा आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. जणू बक्षीस समारंभच! मग एकेक करून दूध निघालं, लोणी निघालं, अंडं निघालं. आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू यायला लागलं. आवाज कमी कमी होत गेले. शेवटी सूनबाई अगदी हळू म्हणाली, "कोबी देतो आम्ही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी मीठ जरा बेतानं सांगितलं होतं. बाकीचं कोणी सांगितलं?"

मुलानं सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं फोनकडे. फोनमधल्या लेकीनं छताकडे.

"याला म्हातारपण म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "याला उपासमार म्हणतात."

मग त्यांनी जे झापलंय त्यांना! मी खाटेवर पडून ऐकत होतो, इतकं छान वाटत होतं! म्हणाल्या, वय वाढलं की भूक कमी होते, तहान कळत नाही, पण शरीराची गरज काही कमी होत नाही. उलट दंड-मांड्या झिजत असतात, त्यांना रोज खुराक लागतो. अंडं द्या, पिवळ्यासकट. दूध, दही, मासे, कडधान्यं द्या. भात, पाव, बटाटा बेतानं, पण द्या. भाज्या निरनिराळ्या द्या, एकट्या कोबीवर माणूस जगत नसतो. मीठ थोडं कमी, चवीला लिंबू पिळा, मिरी घाला, पण जेवणाला चव हवी, चव नसेल तर म्हातारा माणूस जेवतच नाही. मी खाटेवरून म्हटलं, तरुणही जेवत नाही, यांनी एकदा तो कोबी खाऊन बघावा. बाई म्हणाल्या, तुम्ही गप्प राहा. आणि मग माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, दुपारी जेवता कुणाबरोबर?

मी म्हटलं, "इस्त्रीबरोबर."

मला वाटलं, हसतील. पण मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. सूनबाईनं पदर… नाही, तिनं काही डोळे पुसले नाहीत, तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली, आणि हात तसाच धरून ठेवला. घरी येताना मुलगा म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्ही म्हातारे झालात."

मी म्हटलं, "झालोच आहे की रे. पण उपाशी म्हातारा वेगळा आणि जेवलेला म्हातारा वेगळा. जेवलेल्याशी बोल, मग दुकानाचं ठरवू."

त्यानं कव्हरवाल्याला स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. फुटलेल्या कव्हरांचे पैसेही दिले. मी विचारलं, न फुटणाऱ्याचे पैसे कशाला? तर म्हणाला, जाऊ द्या हो.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट, मास्तर सुटले. कसले सुटतात! अहो, माणसं तीच ना? ज्या हिरिरीनं माझं जेवण बंद केलं, त्याच हिरिरीनं चालू केलं! सकाळी डोळे उघडतो तर मुलगा उशाशी, हातात अंडं. मी म्हणतो, अरे, आधी दात तरी लावू दे! दहाला दूध. दुपारी लेकीचा फोन, पडद्यावर तोंड दाखवायचं, आणि ती म्हणते, "बाबा, तू गिळलं नाहीस, तू गालात ठेवलंस, मला दिसतंय. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय!" सूनबाईनं मोबाइलवर घंटा लावली आहे, घंटा झाली की पाणी प्यायचं, मग गिऱ्हाईक पँटेत एक पाय घालून उभं असलं तरी चालेल. आणि व्यायाम! खुर्चीवरून उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं, आणि इस्त्री उचलायची, थंड, आधी दोन हातांनी, मग एका. काचेबाहेर लोक थांबून बघतात. एकानं आत येऊन विचारलंसुद्धा, तालीम केव्हापासून सुरू केलीत?

पण एक गोष्ट चांगली झाली. दुपारी एक वाजता आता मी कडी लावत नाही. चष्मेवाला येतो आपला डबा घेऊन. पहिल्या दिवशी त्यानं डबा उघडला, आणि आत काय असेल? कोबी! त्याच्याही घरी त्याच्यावर प्रेम करणारी माणसं आहेत ना! मी माझा मासा अर्धा त्याच्या झाकणात ठेवला. त्यानं खाल्ला, आणि चष्मा काढून पुसत बसला. मग शेजारचा चांभार यायला लागला, मग निवृत्त झालेल्या मोठ्या बाई यायला लागल्या, कोट घालून. हो, दिला ना कोट! समारंभाच्या आदल्या दिवशी. उजवी बाही नव्यानं बेतली, आणि शिवण बसवताना इस्त्री उचलली, एका हातानं, आणि दुसऱ्या हातानं मुलाला म्हटलं, बघ! तो तिथंच उभा होता, पडली तर धरायला दोन्ही हात पुढं करून. बाई निरोपाच्या दिवशी दोन्ही हात पुढं जोडून उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात पुढंच राहिले. आता टेबलावर आम्ही कापड सारून बसतो, आणि कोणाचं सूप सांडलं तर मी म्हणतो, असू दे, कोट धुता येतो.

फक्त एक झालं. पँटा. आठवतंय ना, आतलं कापड? बोटभरसुद्धा न ठेवता कापलं होतं? मी भरलो, आणि पँटा पुरेनात! एकही बटण लागेना. उसवायचं म्हटलं तर उसवणार काय, आत कापडच नाही! इतकी वर्षं शिवणकाम करणारा माणूस, रस्त्यावरच्या सगळ्यांना नीट बसणारे कपडे शिवणारा, आणि स्वतः कमरेला टाचणी लावून उभा. शेवटी नवी पँट कापायला घेतली, काल दुपारी, आणि या वेळी आत चांगलं चार बोटं कापड सोडलं, म्हटलं, बघू आता कोण कापतंय. तेवढ्यात सूनबाई आत आली, हातात एक वाजताचं अंडं. माझ्या कमरेकडे बघितलं, टाचणीकडे बघितलं, त्या चार बोटांकडे बघितलं, अंडं माझ्या तोंडात दिलं आणि विचारात पडून म्हणाली, "बाबा… जरा जास्तच होतंय का हो? उद्यापासून पाव थोडा बंद करून बघू या का? तुमच्याच भल्यासाठी."

मी उत्तर देणार होतो. असं खणखणीत उत्तर देणार होतो की ते नाक्यावर ऐकू गेलं असतं! पण काय करणार… तोंडात अंडं होतं.